जिरेनियमच्या तेलाचा उतारा कसा वाढवायचा : ऊतीसंवर्धनातून नवा क्लोन शोधण्याची पद्धत

आपल्याकडे शेतात लावले जाणारे सुगंधी जिरेनियम हा पेलार्गोनियमच्या कॅपिटाटम आणि रॅडेन्स या दोन जातींचा संकर मानला जातो. त्याचे परागकण वांझ असतात आणि बी धरत नाही. त्यामुळे लागवड छाटकलमांवरच चालते आणि एका गावातली सगळी जिरेनियमची शेते म्हणजे बहुधा एकाच झाडाच्या प्रती असतात. दोन चांगली झाडे एकमेकांशी संकरित करून तिसरे सरस काढायची नेहमीची वाट इथे बंद आहे. म्हणून या पिकात जैवतंत्रज्ञानाला खरे काम आहे.

वाटा तीन. पहिली, कॅलसमधून (कापलेल्या तुकड्यावर वाढणाऱ्या पेशींच्या गाठीतून) रोपे उगवताना आपोआप होणारे बदल पकडायचे. याला कायिक क्लोनभेद म्हणतात. दुसरी, जनुक बदलायचे. तिसरी, आहे त्याच झाडाला संप्रेरके किंवा सूक्ष्मजीव देऊन जास्त तेल करायला लावायचे. छोटी प्रयोगशाळा, कृषी महाविद्यालय किंवा ऊतीसंवर्धनाची सोय असलेली शेतकरी कंपनी यांना परवडणारी आणि कायद्याच्या कचाट्यात न सापडणारी वाट पहिली. लखनौच्या सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती) संस्थेने जावा सिट्रोनेलाचा 'बायो-१३' हा वाण याच वाटेने काढला. या लेखात भर त्याच वाटेवर आहे.

आधी मोजायचे काय ते ठरवा

ताज्या पाल्यात जिरेनियमचे तेल साधारण ०.१ ते ०.२ टक्के असते, हाच त्याचा उतारा. आकडा इतका लहान असल्याने त्यातली थोडी वाढही मोठी वाटते आणि इथेच फसगत होते. समजा एका वाफ्यात मूळ वाण १० किलो पाला आणि ०.१५ टक्के उतारा देतो, म्हणजे १५ ग्रॅम तेल. क्लोन 'अ' ८ किलो पाला आणि ०.२० टक्के उतारा देतो, म्हणजे १६ ग्रॅम. क्लोन 'ब' १३ किलो पाला आणि ०.१४ टक्के उतारा, म्हणजे १८.२ ग्रॅम. फक्त टक्केवारी पाहणारा माणूस 'ब' पहिल्याच चाळणीत फेकून देतो. उलट बाजूही आहे : एक किलो तेलासाठी 'अ'चा ५०० किलो पाला उकळावा लागतो, 'ब'चा सुमारे ७१५ किलो. सरपण, मजुरी आणि भट्टीच्या फेऱ्या त्याच प्रमाणात वाढतात. ऊस कारखान्यात उतारा आणि एकरी टनेज एकत्र पाहतात, तसेच इथेही पाहावे लागते.

म्हणून प्रत्येक क्लोनसाठी चार नोंदी ठेवा : वाफ्यातला पाला, उतारा, तेलाचे घटक आणि पावसाळ्यात मेलेली रोपे. महाराष्ट्रात चौथी नोंद बाकी तिन्हींवर पाणी फिरवू शकते. जून ते सप्टेंबर या काळात मूळकूज आणि मर यांनी रान विरळ झाले, तर उताऱ्यातली वाढ कागदावरच राहते.

मातृरोप आणि निर्जंतुकीकरण

एकाच झाडावर भिस्त ठेवू नका. वेगवेगळ्या शेतांतली आठ-दहा जोमदार, रोगमुक्त झाडे निवडून त्यांची कलमे तीन-चार आठवडे पॉलिहाऊसमध्ये ठेवा. पाणी बुडाशी द्या, पानांवरून नको. ओल्या पानांवरची झँथोमोनास ही जिवाणू करपा आणणारी जात पुढे बरणीत डोके वर काढते.

जिरेनियमचे पान आणि देठ लवदार. लवेत हवा अडकते, त्यामुळे औषध पृष्ठभागाला पोचतच नाही. साबणाचा टप्पा म्हणूनच महत्त्वाचा.

१. कोवळे देठ आणि वरून तिसरे-चौथे पान घ्या. वाहत्या पाण्याखाली ३० मिनिटे धुवा.
२. १०० मिली पाण्यात ट्वीन-२० चे दोन-तीन थेंब टाकून १० मिनिटे हलवत धुवा. फेस जाईपर्यंत खळबळा.
३. कार्बेन्डाझिमच्या ०.१ टक्के द्रावणात २० मिनिटे.
४. इथून पुढे लॅमिनार फ्लोमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) : ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, त्याहून जास्त नको.
५. १ टक्का क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ८ ते १० मिनिटे. बऱ्याच ठिकाणी ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड ३ ते ४ मिनिटे वापरतात. ते प्रभावी असले तरी पारा विषारी आहे आणि त्याचे पाणी गटारात सोडता येत नाही. हायपोने भागत असेल तर पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.
६. निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवा.

औषधाने भाजलेल्या कडा कापून टाका. पानाचे ५ मिमीचे चौकोन, देठाचे ५ ते ८ मिमीचे तुकडे करा.

दोन-तीन दिवसांत दिसणारी बुरशी बाहेरून आलेली असते, ती निर्जंतुकीकरणात सुधारणा करून आटोक्यात येते. तीन-चार आठवड्यांनी तुकड्याच्या बुडाशी दुधी कड दिसली तर जिवाणू आतूनच आलेला आहे. त्याला प्रतिजैविके पाजत बसण्यात अर्थ नाही : वाढ दबते, जिवाणू जात नाही, आणि औषध काढले की पुन्हा उगवतो. ती ओळ टाकून द्या. खात्री हवी असेल तर तुकड्याचा बुडखा न्यूट्रिएंट अगारवर ठेवून २८ अंशांना ४८ ते ७२ तास पाहा.

माध्यम

आधार म्हणून १९६२ पासून चालत आलेले मुराशिगे-स्कूग, म्हणजे एम.एस. माध्यम. एक लिटरसाठी पाकिटावर लिहिलेल्या वजनाची पूड, ३० ग्रॅम साखर, ७ ते ८ ग्रॅम अगार आणि संप्रेरके लागतात. संप्रेरके दोन : फुटवे आणणारे बीएपी आणि कॅलस व मुळे आणणारे एनएए. त्यांचे साठा-द्रावण आधी करून ठेवा : १० मिग्रॅ बीएपी किंवा एनएए एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवून पाण्याने १० मिली करा. आता १ मिली म्हणजे १ मिग्रॅ. थेट पाण्यात टाकले तर बीएपी विरघळत नाही, तळाशी कण राहतात आणि त्या बॅचमधल्या प्रत्येक बरणीची मात्रा वेगळी पडते. 'प्रयोग जमला, पुन्हा केला तर जमेना' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

अगार टाकण्याआधी सामू ५.८ करा. सामू ५ च्या खाली गेला तर अगार नीट घट्ट होत नाही. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करा. वेळ वाढली की साखर करपून माध्यम तपकिरी होते. असे माध्यम वापरू नये.

मात्रेबद्दल एकच ठाम आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दर क्लोनगणिक मात्रा बदलते. लिटरला बीएपी ०.५, १ आणि २ मिग्रॅ, त्याला एनएए ०.१, ०.५ आणि १ मिग्रॅ अशी नऊ मिश्रणे करा, प्रत्येकी दहा बरण्या. नव्वद बरण्यांत तुमच्या रोपाला काय मानवते ते कळते. साधारण नियम असा : एनएए बीएपीच्या जवळ गेले की कॅलस वाढतो, एनएए कमी केले की फुटवे येतात.

कॅलस ते रोप

तापमान २५ अंश, दोन अंश इकडेतिकडे. पहिला आठवडा अंधार, नंतर १६ तास उजेड. तीन-चार आठवड्यांत कापलेल्या कडेवर कॅलस येतो. हिरवट, गाठाळ आणि घट्ट कॅलस फुटवे देतो. पांढरा, पाणचट किंवा कुरकुरीत तपकिरी कॅलस देत नाही, तो पुढे नेऊ नका.

तुकडे काळे पडणे ही या पिकाची ठरलेली तक्रार. कापलेल्या जागेतून फिनॉल नावाची रसायने माध्यमात उतरतात आणि तुकडा स्वतःच्याच विषाने मरतो. उपाय : कापल्याबरोबर तुकडे १०० मिग्रॅ प्रतिलिटर ॲस्कॉर्बिक आम्लाच्या निर्जंतुक द्रावणात १० मिनिटे, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा नव्या माध्यमावर हलवणे. सक्रिय कोळसा फिनॉल शोषतो, पण संप्रेरकेही शोषतो, म्हणून तो मुळांच्या टप्प्यापुरता ठेवा.

बदल हवा असेल तर कॅलसच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. दर चार आठवड्यांनी नव्या माध्यमावर हलवणे ही एक फेरी. एकाच फेरीत फुटवे काढले तर बहुतेक रोपे आईसारखीच. फार फेऱ्या केल्या तर फुटवे देण्याची ताकद जाते आणि रोपे खुरटी, वेडीवाकडी येतात. दोन ते चार फेऱ्यांमध्ये प्रत्येक फेरीतून थोडी रोपे काढणे हा व्यवहार्य मध्यम मार्ग. कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट करण्याचा मोह अनेकांना होतो. हे पीक आधीच बहुगुणित आहे, म्हणजे त्यात गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच आहेत. आणखी दुप्पट केल्यावर पाने जाड आणि तेलग्रंथी मोठ्या दिसतात, पण वाढ मंदावून वाफ्यातले एकूण तेल बरेचदा घटते. कोल्चिसिन माणसालाही घातक आहे हे वेगळेच.

नोंद अशी ठेवा की प्रत्येक रोपाची वंशावळ वाचता यावी. 'प-३/२/१४' म्हणजे पानाचा तिसरा तुकडा, दुसरी फेरी, चौदावा फुटवा. एका गाठीतून निघालेले दहा फुटवे बहुधा एकच असतात. त्यांना दहा क्लोन धरले की चाळणीची संख्या फुगते आणि काम वाया जाते.

दोन-तीन सेंमीचा फुटवा झाला की अर्ध्या ताकदीच्या एम.एस. माध्यमावर संप्रेरकाविना ठेवा. जिरेनियमला बहुतेकदा इथेच दोन-तीन आठवड्यांत मुळे सुटतात. नाही सुटली तर आयबीए हे मुळे आणणारे संप्रेरक लिटरला ०.५ मिग्रॅ. काचेसारखी पारदर्शक, ठिसूळ पाने दिसली तर बरणीत दमटपणा आणि बीएपी जास्त आहे : बीएपी निम्मे करा, अगार एक ग्रॅमने वाढवा, हवा खेळेल असे झाकण लावा.

हार्डनिंग

हार्डनिंग म्हणजे बरणीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणे. अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, उरलेल्या साखरेवर बुरशी धरते. कोकोपीट, वाळू आणि गांडूळखत २:१:१ असे घेऊन प्रोट्रेमध्ये लावा. पहिला आठवडा प्लास्टिकखाली, ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत. मग रोज थोडे उघडत चौथ्या आठवड्यात शेडनेटखाली आणा. जिरेनियमला पाणी साचलेले अजिबात खपत नाही. या टप्प्यात रोपे सुकून मरण्यापेक्षा कुजून जास्त मरतात.

मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी उपयुक्त बुरशी) द्यायचा तर इथेच, मुळांलगत ५ ग्रॅम. बरणीतले रोप निर्जंतुक असते, मुळांवर जागा मोकळी असते, त्यामुळे बुरशी चटकन बसते. स्फुरद कमी उपलब्ध असलेल्या जमिनीत तिचा फायदा पाल्याच्या वजनात दिसतो. तिच्यासोबत बुरशीनाशकाची आळवणी केली तर दोन्हींचे पैसे वाया. आणि चाचणीत द्यायचा तर सगळ्या क्लोनना द्या, मूळ वाणालाही.

चाळणी : खरे काम इथे आहे

प्रयोगशाळेचा भाग सहा-आठ महिन्यांत उरकतो. निवडीला दोन वर्षे लागतात, आणि ती टाळणारेच पुढे 'सुधारित रोपे' म्हणून काहीही विकतात.

ऊतीसंवर्धनातून आलेले रोप पहिल्या पिढीत नेहमीच जोमदार वाटते : ते रोगमुक्त असते, कोवळे झालेले असते, फुटवे जास्त देते. हा जोम बराचसा तात्पुरता. म्हणून बरणीतून आलेल्या रोपांची तुलना शेतातल्या जुन्या झाडांशी करू नका. प्रत्येक क्लोनची एकदा छाटकलमे करा (१० ते १२ सेंमी, तीन-चार पेरांची), आणि चाचणी त्या कलमांवर घ्या. तुलनेसाठी दोन साक्षीदार ठेवा : शेतातल्या मूळ वाणाची त्याच वयाची कलमे, आणि मूळ वाण शेंड्यातून, कॅलस न करता, ऊतीसंवर्धनाने वाढवून मग केलेली कलमे. दुसरा साक्षीदार नसेल तर वाढ बदलामुळे आली की रोगमुक्तीमुळे, हे कधीच कळत नाही.

पहिली चाळणी : दोनशे ते तीनशे क्लोन, प्रत्येकी पाच रोपे, ६० × ६० सेंमी, गादीवाफ्यावर. दर दहा ओळींनंतर साक्षीदाराची एक ओळ. खुरटे, विकृत, मर लागलेले काढून टाका. पान चुरगाळून वास घेण्यात कमीपणा नाही, पुदिन्यासारखा झणका येणारे क्लोन तिथेच ओळखू येतात. यातून पंधरा-वीस उरवा.

दुसरी चाळणी : उरलेले क्लोन आणि दोन्ही साक्षीदार, तीन पुनरावृत्त्या, वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, पुढच्या साधारण तीन महिन्यांनी. चाचणीत निदान एक पूर्ण पावसाळा यायलाच हवा. हंगामाप्रमाणे तेलाचे घटक सरकतात, म्हणून प्रत्येक कापणीला नमुना घ्या.

क्लेव्हेंजरवरचे आकडे का चुकतात

क्लेव्हेंजर म्हणजे पाला उकळून तेल काढायचे आणि मोजायचे प्रयोगशाळेतले काचेचे उपकरण. ५ लिटरच्या फ्लास्कमध्ये ३०० ग्रॅम पाला आणि दीड-दोन लिटर पाणी. पाला बारीक चिरू नका. तेल पानावरच्या ग्रंथींत असते आणि चिरताना त्या फुटून वास हवेत जातो. पहिला थेंब पडल्यापासून तीन तास. नळी थंड झाल्यावरच वाचन घ्या.

नळीत ०.४५ मिली तेल दिसले असे धरू. जिरेनियम तेलाची घनता सुमारे ०.८९, म्हणजे ०.४० ग्रॅम. भागिले ३०० ग्रॅम, गुणिले १०० : ०.१३ टक्के. आता वाचनात ०.०५ मिलीची चूक झाली तर उताऱ्यात ११ टक्क्यांचा फरक पडतो, आणि एखादा क्लोन उगाच पहिला येतो. प्रत्येक वाफ्याचे दोन नमुने चालवा. दोघांत १० टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर तिसरा.

दुसरी चूक सुकलेल्या पाल्याची. कापून सावलीत ठेवलेल्या पाल्यातून पाचवा हिस्सा पाणी गेले, तर ०.१३ चे ०.१६ होतात आणि तेलात मात्र काहीच वाढ झालेली नसते. वजन कापल्या-कापल्या करा, सगळे क्लोन एकाच दिवशी, दव उतरल्यावर, वरच्या २० ते ३० सेंमी वाढीतून घ्या. सगळ्यांच्या कापणीआधी पाणी एकाच दिवशी तोडा.

शेवटच्या तीन-चार क्लोनची खात्री मात्र छोट्या भट्टीवर करा. जिरेनियमच्या तेलातले जिरॅनिऑल आणि लिनालूल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. क्लेव्हेंजरमध्ये पाणी परत फ्लास्कमध्ये जाते, भट्टीवर ते वाहून जाते. म्हणून प्रयोगशाळेतला उतारा शेतावर जसाच्या तसा मिळत नाही.

तेलाची प्रत

तेल निर्जल सोडियम सल्फेटने कोरडे करा, तपकिरी बाटलीत काठोकाठ भरून ४ अंशांना ठेवा. जीसीसाठी (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलाचे घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) हेक्झेनमध्ये शंभरपट पातळ करून डीबी-५ प्रकारच्या ३० मीटर कॉलमवर, ६० ते २४० अंशांपर्यंत मिनिटाला ३ अंश या वेगाने चालवले की मुख्य घटक नीट सुटे होतात. पाहायचे ते सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचे गुणोत्तर, लिनालूल, फॉर्मेट एस्टर आणि आयसोमेंथोन. आयसोमेंथोन वाढले की गुलाबाचा वास मागे पडून पुदिना पुढे येतो. रियुनियन बेटाच्या बूरबाँ प्रकारात ग्वाया-६,९-डायीन ठळक असते, इजिप्तच्या प्रकारात १०-एपी-गॅमा-युडेस्मॉल. या दोन खुणांवरून आपले मूळ रोप कोणत्या प्रकारचे ते कळते, आणि चाचणीत कलमांची सरमिसळ झाली असेल तर तीही उघडी पडते. या तेलासाठी आयएसओ ४७३१ हे मानक आहे. निवडलेला क्लोन त्याच्या मर्यादेत बसतो का ते ग्राहकाच्या आधी तुम्ही तपासा.

संप्रेरकांची फवारणी आणि जनुकांचे काम

कापणीआधी सॅलिसिलिक आम्ल किंवा मिथाइल जॅस्मोनेट फवारून झाडाला 'हल्ला झाला' असे भासवता येते आणि टर्पीन, म्हणजे तेलातले सुगंधी घटक, बनवण्याची यंत्रणा जागी होते. सॅलिसिलिक आम्ल ०.१ मिलीमोल म्हणजे लिटरला १३.८ मिग्रॅ, १ मिलीमोल म्हणजे १३८ मिग्रॅ. थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्यात मिसळा, आणि शेजारच्या वाफ्यावर तेवढेच अल्कोहोल घातलेले नुसते पाणी फवारा. जॅस्मोनेट वाढ रोखते. टक्केवारी वाढून पाला घटला तर हिशेब पुन्हा वरच्या 'अ' आणि 'ब'पाशी येतो. महागड्या जॅस्मोनेटची शेतावर शिफारस करण्याजोगे आम्हाला काही दिसत नाही.

जनुकबदलात पेपरमिंट सर्वांत पुढे आहे. अमेरिकेत २००१ मध्ये महमूद आणि क्रोटो यांनी टर्पीनचा कच्चा माल बनवायला मदत करणाऱ्या डीएक्सआर या विकराचे (एन्झाइमचे) जनुक जास्त चालवून तेल सुमारे ५० टक्क्यांनी वाढवले. काही रोपांत मात्र घातलेले आणि मूळ अशी दोन्ही जनुके गप्प झाली आणि पाने फिकट पडली. २०११ मध्ये लांगे आणि सहकाऱ्यांनी शेतातल्या चाचण्यांत ७८ टक्क्यांपर्यंत वाढ दाखवली. ही कृती जिरेनियमवर उतरवताना एक अडचण आहे : तुळशीसारख्या झाडांत जिरॅनिऑल सिंथेज हे विकर पेशीतल्या लवकात (प्लास्टिडमध्ये) जिरॅनिऑल बनवते, तर सुगंधी जिरेनियममध्ये ते पेशीद्रवात न्यूडिक्स गटातल्या विकराकडून बनते, असे २०२१ मध्ये दिसून आले. दुसऱ्या पिकाचे जनुक आणून घालण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे. लिंबूगंधी जिरेनियमवर ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस या, झाडात स्वतःची जनुके घालणाऱ्या जिवाणूचा प्रयोग १९९४ मध्येच झाला. त्या रोपांना फांद्या आणि पाने जास्त आली, सुगंधी घटकही वाढले.

भारतात परकी जनुके असलेली रोपे पर्यावरण संरक्षण कायद्याच्या १९८९ च्या नियमांखाली येतात, परवानगीविना शेतात नेता येत नाहीत. मार्च २०२२ पासून परके जनुक न उरलेल्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (झाडाच्याच जनुकात नेमक्या जागी छोटा बदल केलेल्या) जनुकसंपादित रोपांना त्यातल्या काही कलमांतून सूट मिळाली आहे, तरी संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची पायरी राहतेच.

निवडलेला क्लोन टिकवणे

आता उलटी शिस्त. बदल शोधताना कॅलस हवा होता, क्लोन ठरल्यावर कॅलस वर्ज्य. वाढ फक्त शेंड्यातून आणि बगलेच्या डोळ्यांतून करा. बरणीतला मूळ साठा संप्रेरक नसलेल्या माध्यमावर ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी शेंडा नव्या बरणीत हलवा. वर्षातून एकदा आयएसएसआर किंवा एसएसआर या डीएनए-चिन्हकांनी साठा आणि मातृवाफा एकच आहेत ना ते ताडून पाहा. ऊतीसंवर्धित रोपे विकायची तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय प्रमाणन पद्धतीत विषाणूमुक्ती आणि जनुकीय एकसारखेपणा दोन्ही तपासले जातात. वाणावर हक्क हवा असेल तर २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखालची नोंदणी वेगळी. तिथे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य सिद्ध करावे लागते, म्हणून दोन वर्षांच्या वाफ्यांच्या वह्या जपून ठेवा. शेतकऱ्याला मात्र बरणीतले महागडे रोप देण्याची गरज नसते. मातृवाफा शेंड्याच्या रोपांनी दर दोन-तीन वर्षांनी नवा करा, पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकचे छप्पर घाला, आणि लागवडीला त्याचीच छाटकलमे द्या.